पान, टोपले, कॅरेट : पांढुर्णा–सौंसर भागातील खाद्यवेष्टनांचा इतिहास

पांढुर्णा आणि सौंसर हा सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याचा मुलूख. छिंदवाडा जिल्ह्याच्या पठारी भागाला जुन्या सरकारी लिखाणात ‘बालाघाट’ आणि घाटाखालच्या या सखल पट्ट्याला ‘झेरघाट’ म्हटले जाई. जमीन काळी, पिके कापसाची, ज्वारीची आणि पुढे संत्र्याची, बोली मराठी. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असलेला हा भाग १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि १८६१ मध्ये मध्यप्रांतात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे आणि सौंसर त्यातच मोडते. उत्तरेला जंगल, दक्षिणेला नागपूरची बाजारपेठ आणि कायदा भोपाळचा, अशी या भागाची ठेवण झाली. इथले खाण्याचे जिन्नस कशात बांधले गेले आणि ते बांधणे मोकळे झाल्यावर कुठे गेले, हे या तिन्ही गोष्टींनी ठरवले.

पळसाचे पान

या भागातले सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त वेष्टन म्हणजे पळसाचे पान. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण ज्या झाडावरून आली ते झाड इथे बांधावर, पडीक जमिनीवर आणि जंगलाच्या कडेला आपोआप उगवते. पळसाचे पान त्रिदळी असते. त्यातले प्रत्येक दळ तळहाताहून मोठे, जाड आणि चिवट. ताजे असताना ते दुमडले तरी फाटत नाही, म्हणून मटण, फुले, प्रसाद, लोणी असे ओलसर जिन्नस त्यात बांधून देत. पोळ्याला घरांच्या दारांशी पळसाच्या फांद्या लावतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात गोटमारीसाठी, म्हणजे दोन गावांतल्या दगडफेकीच्या खेळासाठी, जे झाड रोवले जाते तेही पळसाचेच.

पत्रावळ लावण्याचे काम बहुतेक घरांत बायका आणि म्हातारी माणसे करत. पाने कोवळेपणा जाऊन टणक झाली की तोडायची. एक मोठे पान मध्ये ठेवून त्याच्याभोवती बाकीची पाने अशी लावायची की प्रत्येकाची कड शेजारच्या पानाखाली जाईल. मग बांबूची चोय, म्हणजे काडीएवढी बारीक चीर, वरून खाली आणि पुन्हा वर अशी टाचायची आणि उरलेले टोक मोडून टाकायचे. सुई नाही, दोरा नाही, डिंक नाही. लावलेल्या पत्रावळी एकावर एक रचून वर दगड ठेवला की त्या सपाट होत, आणि वाळल्यावर शेकड्याने बांधून माळ्यावर वर्षभर राहत. वापरण्याआधी पाण्याचा हबका मारला की वाळलेले पान पुन्हा नरम पडे. वरणासाठी पान खोलगट वळवून द्रोण करत. सपाट पत्रावळीवर वरण पळू नये म्हणून वाढपी आधी भाताची मूद घाली आणि जेवणारा त्या भातातच आळे करी.

वर पठारावर, तामिया–पातालकोटच्या बाजूला, गोंड आणि भारिया लोक पत्रावळीसाठी माहुलीच्या वेलाची रुंद पाने वापरतात. ती पळसाहून मोठी असल्याने थोड्या पानांत पत्रावळ होते. बिडीसाठी लागणारे तेंदूपान याच जंगलातले. त्याच्या व्यापारावर मध्य प्रदेश सरकारने १९६४ च्या कायद्याने मक्तेदारी आणली. पळसाचे पान मात्र अशा सरकारी व्यापारात कधी शिरले नाही. ते घरकामाच्या आणि आठवडी बाजाराच्या पातळीवर राहिले, त्यामुळे त्याच्या मागे ना संग्रहकेंद्रे उभी राहिली ना ठरलेला भाव. पुढे त्याची जागा घेणारी वस्तू बाजारात आली तेव्हा पानाची बाजू घेणारी कोणतीही संस्था नव्हती.

बुरडाचे टोपले

पान हे एका वेळचे वेष्टन, तर बांबू टिकाऊ. सुपे, टोपल्या, दुरड्या, डाली आणि धान्य साठवायच्या मोठ्या कणग्या बुरूड विणत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात बांबूकाम करणाऱ्या ‘बसोर’ समाजाचे वर्णन आहे. मराठी मुलखात हाच समाज बुरूड म्हणून ओळखला जातो. बुरूड हिरवा बांबू उभा चिरून त्याच्या पट्ट्या काढतो. बाहेरची चकचकीत, टणक पट्टी काठासाठी आणि बुडासाठी, आतली मऊ पट्टी विणीसाठी. काठ मजबूत वळला तर टोपले डोक्यावरच्या ओझ्याला आणि बैलगाडीच्या हिसक्यांना वर्षानुवर्षे टिके. धान्याच्या कणगीला आतून शेणमातीचा लेप दिला की दाणा सांडत नसे.

बुरडाचा कच्चा माल जंगलातला, आणि जंगल सरकारचे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत गणले, त्यामुळे तोड आणि वाहतूक परवान्याखाली आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले आणि २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला. या सवलती आल्या तोवर टोपल्याचे गिऱ्हाईक प्लास्टिककडे वळून गेले होते.

उकिरडा आणि उष्टे

पान असो की बांबू, त्याची शेवटची जागा ठरलेली होती. उष्ट्या पत्रावळी आधी गुरे-शेळ्या चघळत, उरलेले उकिरड्यावर जाई. शेण, राख, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला कचरा तिथेच कुजे. उन्हाळ्यात, पेरणीआधी, उकिरडा उपसून खत गाडीने शेतात नेत. वेष्टन ज्या शिवारातून आले त्याच शिवारात परत गेले, म्हणून ‘कचरा’ नावाचा वेगळा प्रश्न खेड्यात फारसा उभा राहिला नाही.

ही व्यवस्था माणसांच्या श्रेणीवरही उभी होती. पंगतीनंतर उष्टी काढणे, गल्ल्या झाडणे, मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामे जातीने वाटून दिलेली होती, आणि मोबदल्यात अनेकदा उष्टे अन्नच मिळे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. गावाची स्वच्छता एका समाजाच्या माथी मारून चालणार नाही, हे विदर्भात संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन दाखवले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धीचा विषय स्वतंत्रपणे मांडलेला आहे.

उकिरड्याला शास्त्राची जोडही याच मुलखाच्या आसपास मिळाली. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण आणि माती थराथराने रचून, हवा व ओलावा राखून कुजवण्याची पद्धत बसवली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर झाले. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी कमी शेणात खत करण्याची ‘नाडेप’ पद्धत काढली. नाव त्यांच्याच आद्याक्षरांचे. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी भोके, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. तीन ते चार महिन्यांत खत तयार. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत ही टाकी सरकारी योजनांतून गावोगावी बांधली गेली. मात्र इंदूर असो की नाडेप, दोन्ही पद्धतींना कुजणारा कचराच लागतो.

रेल्वे आणि संत्री

वेष्टनाचा प्रवास लांबला तो रेल्वेमुळे. बंगाल नागपूर रेल्वेचा नागपूर–छिंदवाडा हा अरुंद मार्ग १९१३ च्या सुमारास सुरू झाला आणि सौंसर नागपूरच्या इतवारी स्थानकाशी जोडले गेले. नागपूर–इटारसी हा रुंद मार्ग १९२० च्या दशकात पूर्ण झाला. पांढुर्णा त्यावरचे स्थानक, म्हणजे थेट दिल्लीच्या वाटेवर. अरुंद मार्ग २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत शंभर वर्षे चालला.

नागपुरी संत्र्याची कलमे दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणली असे परंपरेने सांगितले जाते. पुढे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी आणि पांढुर्णा–सौंसर असा सलग पट्टा संत्र्याखाली आला. मधून जाणारी राज्याची हद्द बागेला ठाऊक नाही. आंबिया बहाराचे फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहाराचे फेब्रुवारी ते एप्रिलात उतरते. सैल सालीचे हे फळ खायला सोयीचे, वाहतुकीला नाजूक. ओढून तोडले तर देठाजवळची साल फाटते आणि तिथून बुरशी शिरते, म्हणून चांगला तोडणारा कात्रीने, आखूड देठ ठेवून फळ कापतो. एक फळ नासले की शेजारची चार नासवते.

सुरुवातीला संत्री बांबूच्या टोपल्यांत भरत. तळाला आणि कडेला तणीस किंवा पळसाची पाने, मग फळांचे थर, वर पुन्हा तणीस आणि सुतळीची जाळी. तणीस हिसके झेलते, ओलावा शोषते आणि हवा खेळती ठेवते. पुढे लांब पल्ल्यासाठी लाकडी पेट्या आल्या. फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या, आत पुन्हा तणीस किंवा कागदाचे कात्रण. टोपले जवळच्या बाजारातून रिकामे परत येई. लाकडी पेटी दिल्ली–कलकत्त्याला गेली ती गेलीच. तिथे ती सरपण झाली किंवा दुसऱ्या कोणाच्या मालाची पेटी झाली. वेष्टन ज्या मातीतून येते तिथे परत न जाणे ही गोष्ट या भागात प्लास्टिकच्या आधी संत्र्याने सुरू केली. लाकूड आणि तणीस कुजणारे होते, म्हणून ती तेव्हा जाणवली नाही.

टिकाऊ वेष्टनाचा दुसरा मार्ग प्रक्रियेचा होता. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनच्या आद्याक्षरांवरून ‘नोगा’ हे नाव पडले. रस, मुरंबे आणि जॅम डब्यांत-बाटल्यांत भरणारा हा उद्योग नंतर महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला. १९८० च्या दशकात नागपुरात लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. फळावर मेणाचा पातळ थर देणे, प्रतवारी करणे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरणे या गोष्टी तिथल्या संशोधनातून बागायतदारांपर्यंत आल्या. तरीही झाडावरचे फळ ठोकात विकून मोकळे होण्याची रीत राहिली. तोडणी आणि भरणी व्यापाऱ्याची, त्यामुळे वेष्टनाचा निर्णयही त्याचाच.

बारदान, डबा, रद्दी

शहराच्या बाजाराने आणलेल्या वेष्टनांनाही बराच काळ परतीची वाट होती, ती पैशांची. तागाचे पोते, म्हणजे बारदान, धान्य आणि सरकीबरोबर येई आणि रिकामे झाले की बारदानवाल्याकडे विकले जाई. फाटले तर ठिगळ, अगदीच गेले तर पायपुसणे किंवा बैलाच्या पाठीवरचे पांघरूण. १९८७ च्या ताग वेष्टन कायद्याने धान्य आणि साखरेला ठरावीक प्रमाणात तागाचेच पोते सक्तीचे केले, त्यामुळे सरकारी खरेदीत बारदान टिकले. खुल्या बाजारात मात्र विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यांनी त्याला मागे टाकले. तेलाचा आणि घासलेटचा चौकोनी पत्र्याचा डबा घरोघर पाण्याला, धान्याला आणि दळणाला वापरला गेला. किराणा दुकानात वाणी रद्दीच्या कागदाची शंकूसारखी पुडी वळून वर सुतळी गुंडाळे. गिऱ्हाइकाची पिशवी घरचीच असे.

रद्दीची पुडी स्वस्त होती, पण छपाईची शाई तेलकट पदार्थात उतरते. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये वृत्तपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत अशी सूचना काढली. २०१८ च्या वेष्टन नियमांनी त्यावर बंदीच घातली. ते नियम १ जुलै २०१९ पासून लागू झाले. अन्नाला सुरक्षित वेष्टन आणि मातीला सुरक्षित वेष्टन या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे रद्दीच्या पुडीने दाखवले: ती दुसरीत उत्तीर्ण, पहिलीत नापास.

प्लास्टिक

१९८० च्या दशकापासून पातळ पिशवी, दुधाची थैली आणि छोटी पुडी यांनी किराण्याचे रूप बदलले. शांपू, सुपारी, वेफर, मसाला सगळेच एका-दोन रुपयांच्या पुडीत आले. ज्याच्याकडे महिन्याचा पैसा एकदम नसतो त्या मजुराला ती पुडी परवडली. या पुडीत प्लास्टिक, धातूचा पातळ पत्रा आणि पुन्हा प्लास्टिक असे थर चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे महाग, म्हणून भंगारवाला पुडी उचलत नाही. बारदान आणि डबा परत नेणारी पैशांची साखळी इथे तुटली. २०११ च्या प्लास्टिक नियमांनी गुटखा, तंबाखू आणि पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१२ पासून, मध्य प्रदेशाने गुटख्यावरच बंदी आणली; नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली असे करणारे ते पहिले राज्य ठरले.

पंगतीतही बदल झाला. थर्माकोलची पत्रावळ आली आणि चांदीसारखा चकचकीत थर दिलेले कागदी द्रोण आले. ते गळत नाहीत, भिजवावे लागत नाहीत, दुकानात गठ्ठ्याने मिळतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते उकिरड्यावर जात, पण उकिरडा उपसताना तसेच हाती लागत, आणि खताबरोबर शेतात गेले की वखरात अडकत.

दोन राज्ये, दोन कायदे

मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्यांसोबत थर्माकोल व प्लास्टिकची एकदाच वापरायची ताटे, वाट्या आणि पेलेही बंद केले. अंमल त्याच वर्षी २३ जूनपासून सुरू झाला. म्हणून काही वर्षे अशी गेली की महाराष्ट्रातल्या सावनेर–वरूडच्या बाजारात जी पत्रावळ बेकायदा, ती काही कोसांवरच्या पांढुर्णा–सौंसरात कायद्याच्या कक्षेबाहेर. बाजार, सोयरीक आणि लग्नाच्या पंगती मात्र दोन्हीकडच्या एकच. १ जुलै २०२२ पासून केंद्राने देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि मिठाईच्या खोक्यांवरची फिल्म यांवर बंदी आणली, तेव्हा ही तफावत कमी झाली. पिशव्यांची किमान जाडी आधी ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन करण्यात आली.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली आणि तो वेगळा उचलण्याची नगरपालिकांवर. त्याच वर्षीच्या प्लास्टिक नियमांनी आणि २०२२ च्या दुरुस्तीने वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपनीवर ते परत गोळा करून पुनर्वापरात नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. बारदानवाला जे काम नफ्यासाठी करत होता ते आता कायद्याने करवून घ्यावे लागते.

सध्याचे रूप

आज संत्री बहुधा प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये हलतात. कॅरेट कडक, रचायला सोपे, धुऊन पुन्हा वापरता येणारे; साधारण २० किलो फळ त्यात बसते. बाग ते मंडी ते प्रतवारी केंद्र या फेऱ्यांत ते टोपल्यासारखेच रिकामे परत येते. लांबच्या बाजारात गेलेले परत येईलच असे नाही, म्हणून तिथे पुठ्ठ्याचे खोके सोयीचे ठरते. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक होते. त्याने आयात शुल्क वाढवल्यावर तिकडची निर्यात घटली आणि देशातल्या बाजारात माल तुंबू लागला.

बाजार तुंबला की वेष्टनाआधी फळाचाच कचरा होतो. बहारात गळालेली फळे आणि ‘चुरी’, म्हणजे लहान आकाराची संत्री, भाव पडला की तोडणीचा खर्चही काढत नाहीत. चुरीचा रस निघतो, सालीतून तेल निघते, वाळलेली साल उटण्यात जाते, चोथा गुरांना किंवा खताला जातो. हे सगळे होण्यासाठी कारखाना बागेच्या जवळ लागतो. दूर असेल तर चुरीचे वाहतूकभाडे तिच्या किमतीपेक्षा जास्त होते आणि ती बांधावरच सडते.

पानाची पत्रावळही पुन्हा दिसू लागली आहे, वेगळ्या रूपात. यंत्राच्या तापल्या साच्यात पाने दाबून ताटाचा आकार देतात. खाली पुठ्ठ्याचा आधार असतो, म्हणून चोय लागत नाही आणि वरण पळत नाही. पुठ्ठ्याला प्लास्टिकचा थर नसेल तरच असे ताट उकिरड्यात पूर्ण कुजते. चहाच्या कागदी पेल्याला आतून असा थर असतो आणि २०२२ च्या बंदीच्या यादीत तो नाही. हाताने टाचलेल्या पत्रावळी गावच्या भंडाऱ्यांत आणि देवस्थानांच्या महाप्रसादाला अजून वाढल्या जातात, आणि पंगत उठल्यावर गुरांपुढे टाकल्या जातात.